घरातील पडदा आणि चित्राची पारख

खर्डा म्हटले की लढाई आठवते. ११ मार्च १७९५ रोजी सवाई माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दीत मराठी फौजांनी निजामअलीच्या फौजेचा येथे पराभव केला. निजामाला आपल्याच गावच्या किल्ल्याचा आसरा घ्यावा लागला आणि अखेर तह करावा लागला. हे आपण शाळेत शिकलो, आपली मुलेही शिकली. तेव्हा अध्यक्षाबाईंनी "स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा" असे सांगितले, त्या वेळी मलाही पहिल्याने लढाईच सुचली. परंतु लढाईवर लिहिणारे विद्वान पुष्कळ आहेत आणि माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यांच्या वाटेला मी कशाला जाऊ?

मात्र त्या लढाईचा विचार करता करता एक गोष्ट माझ्या मनात आली. या माळावर एवढे हजारो लोक लढले, कितीतरी पडले, पण त्यांतल्या साध्या शिपायाचा चेहरा कसा होता हे आज कोणालाही सांगता येणार नाही. त्याच्या बायकोमुलांजवळ आठवणीखेरीज काही उरले नसेल. छायाचित्राची कला जगापुढे आली १८३९ साली, म्हणजे आपल्या लढाईनंतर ४४ वर्षांनी. हलती चित्रे आली त्याहून पुष्कळ उशिरा. आपण भाग्यवान, की आपल्या माणसांचे चालणेबोलणे आपल्याला घरात बसून पुन्हा पाहता येते. मग ते चित्र खरे दिसते की खोटे, याची पारख आपल्याला नको का?

हा प्रश्न सध्या आपल्या मंडळापुढेही आहे. मंडळाच्या खोलीत महिन्यातून एकदा सर्व भगिनींनी मिळून चित्रपट पाहावा असे ठरले आणि वर्गणीही जमू लागली. आमच्या घरी एक जुना ४२ इंची प्लाझ्मा टी. व्ही. आहे. मुलाने नवा आणल्यामुळे तो मंडळाला देण्याची आमची तयारी आहे. काही भगिनी म्हणतात, फुकट मिळतो तर घ्यावा. काही म्हणतात, जुने लोढणे कशाला, वर्गणीतून नवाच आणू. दोन्ही बोलणी मी ऐकली. संच माझा असल्यामुळे मी "घ्या" म्हणणे बरे नव्हे. म्हणून चित्र घरापर्यंत कसे येत गेले आणि ते कसे पारखावे, एवढेच येथे सांगते. निर्णय तुम्ही करा.

मुंबईत हलती चित्रे प्रथम दिसली ती ७ जुलै १८९६ रोजी, वॉटसन हॉटेलात. फ्रान्समधील ल्यूमिएर बंधूंच्या माणसांनी तो खेळ केला आणि तिकीट होते एक रुपया. त्या काळी एक रुपया म्हणजे गरिबाचे काम नव्हे. थोड्याच दिवसांत हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात होऊ लागले, तेव्हा चार आण्यांचेही तिकीट निघाले आणि पडद्यातल्या स्त्रियांसाठी वेगळ्या बैठकी राखून ठेवल्या गेल्या. म्हणजे पहिल्याच महिन्यापासून बायका चित्रे पाहायला बसल्या होत्या. पाहणाऱ्यांत आपण मागाहून आलो असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही.

हा खेळ पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रण केले. पण ती फिल्म धुण्यासाठी विलायतेला पाठवावी लागली. चित्र घेतले येथे, ते उमटले की नाही हे ठरणार तेथे, आणि आपण बोटीची वाट पाहत बसायचे, अशी तेव्हाची स्थिती होती.

ही स्थिती पालटली ती दादासाहेब फाळके यांनी. त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. १९१२ साली ते विलायतेला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि इतर सामान घेऊन आले. भांडवलदारांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी प्रथम कुंडीत वाटाण्याचे बी लावले आणि रोज थोडे थोडे चित्रण करून त्या अंकुराच्या वाढीची चिमुकली फिल्म केली. महिन्याभराची वाढ मिनिटाभरात पडद्यावर दिसली. राजाराणीचे नव्हे, घरच्या कुंडीतल्या वाटाण्याचे ते चित्र होते. पाहणाऱ्यांना ते खरे वाटले आणि पैसे उभे राहिले.

आता यातील जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो सांगते. फाळके यांच्या पत्नी सरस्वतीबाई. त्या वेळी कोरी फिल्म येई तिला कडेची भोके पाडलेली नसत. ती भोके अंधारात बसून, एकसारख्या अंतरावर पाडावी लागत. अंतर चुकले की पडद्यावर चित्र थरथरणार. हे काम सरस्वतीबाई शिकल्या. फिल्म धुण्याची रसायने कालवणे, फिल्म धुणे हेही शिकल्या. दिवसा साठसत्तर माणसांचा स्वयंपाक करायचा, चित्रण चालू असले की उजेड परतवण्यासाठी उन्हात पांढरी चादर धरून उभे राहायचे आणि रात्री घरातच अंधार करून फिल्मचे काम करायचे. आपले दागिनेही त्यांनी या कामासाठी पुढे केले. "राजा हरिश्चंद्र" हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. त्यात रोहिदासाचे काम त्यांच्या भालचंद्र या मुलानेच केले होते.

भगिनींनो, फिल्म धुणे म्हणजे लुगडे धुणे नव्हे. रसायनात फिल्म कमी वेळ राहिली तर चेहरा वर येत नाही, जास्त वेळ राहिली तर सगळे दाट होऊन जाते. पाकाला तार आली की पातेले उतरवावे लागते, तसे ते आहे. थांबायचे केव्हा हे डोळ्यांनी ओळखावे लागे. म्हणजे आपल्या देशातील या पहिल्या पूर्ण लांबीच्या कथापटाच्या चित्राची पारख एका गृहिणीने आपल्या घरात केली. तारामतीच्या कामाला स्त्री मिळाली नाही, ते अण्णा साळुंके या पुरुषाने केले. पडद्यावर स्त्री नव्हती, पण पडद्यामागे होती. चित्राच्या गुणदोषांवर बोलण्याचा आपल्याला काय अधिकार, असे कोणा भगिनीला वाटत असेल तर तिने सरस्वतीबाई आठवाव्यात.

पुढे १९१९ साली फाळके यांनी "कालिया मर्दन" काढला. त्यात त्यांची मुलगी मंदाकिनी श्रीकृष्ण झाली होती. या चित्रपटाच्या आरंभी तिचा नुसता चेहरा दाखवला आहे. त्यावर निरनिराळे भाव येतात आणि मग तीच मुलगी कृष्ण होते. चित्र कसे पारखावे याचे उत्तर मला त्यातच दिसते. डोंगर, महाल, नाग यांचे चित्र थोडे कमीजास्त झाले तरी आपल्याला कळत नाही. चेहऱ्याचे चित्र बिघडले तर लहान मुलालाही कळते.

रंगाची गोष्टही अशीच. प्रभात कंपनीची स्थापना १९२९ साली कोल्हापुरात झाली आणि १९३३ साली ती पुण्यास आली. त्याच सुमारास तिने "सैरंध्री" हा चित्रपट रंगीत करण्याचा घाट घातला. प्रती जर्मनीत तयार करून आणल्या, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. प्रभातच्या लोकांनी मग तो नाद सोडला आणि १९३६ साली काळ्यापांढऱ्या रंगातच "संत तुकाराम" काढला. त्याची व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणणी झाली. वाईट रंगापेक्षा चांगले काळेपांढरे बरे, हा धडा त्यातून घ्यावा. १९५३ चा "श्यामची आई" हाही काळापांढराच आणि त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. तो पाहून रडताना रंग नाही म्हणून कोणाचे अश्रू थांबले असे मी ऐकले नाही.

खेड्यापाड्यांत हे चित्रपट तंबूतून आले. जत्रेत तंबू लागे, मध्ये कनात बांधून बायकांची जागा वेगळी करीत, खाली सतरंजी नाहीतर नुसती माती. सासूबाई सांगतात, की दिवस मावळून चांगला अंधार पडल्याखेरीज खेळ सुरू होत नसे, आणि चांदणी रात्र असली की तंबूच्या फटी पोत्यांनी बुजवीत. त्या लोकांना ठाऊक होते, की चित्राला उजेडाइतकाच अंधार लागतो. आपण टी. व्ही. आल्यावर हे विसरलो.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. रंगीत प्रक्षेपण १५ ऑगस्ट १९८२ पासून आणि त्याच वर्षी दिल्लीत आशियाई खेळ झाले. पण माझ्या माहेरी रंगीत संच कुठला? २५ जानेवारी १९८७ ला "रामायण" सुरू झाले तेव्हा मी आठ वर्षांची होते. आळीत एकच टी. व्ही. होता, सरकत्या लाकडी दारांच्या खोक्यातला, काळापांढरा. त्या घरच्यांनी काचेवर एक रंगीत प्लॅस्टिकचा कागद लावला होता. वर निळा, मध्ये तांबूस, खाली हिरवा. आकाश निळे आणि गवत हिरवे दिसावे म्हणून! रामचंद्र उभे राहिले की डोके निळे, अंग तांबडे आणि पाय हिरवे. आम्ही पोरे खूष होतो. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणत असू, एक दिवस म्हणाले, "कागद काढून बघा बरं एकदा." कागद काढला. सीतामाईचा चेहरा प्रथमच नीट दिसला. दुसऱ्या रविवारी कागद पुन्हा लागला, कारण आळीतल्या लोकांना रंगच हवा होता.

ही आठवण मी मुद्दाम सांगितली. पुढे तेवीस वर्षांनी तोच कागद मी माझ्या घरात लावला आणि मला कळले नाही.

तो प्रकार असा. माझे लग्न १९९८ साली झाले. तेव्हा व्हिडिओ कॅसेट करण्याची पद्धत नुकतीच आमच्याकडे रुळली होती. दादांनी हौसेने चित्रण करवले. त्यानंतर सहा वर्षांनी दादा गेले. ते हालतात, बोलतात असे चित्र तेवढे एकच. पाहुण्यांना पाणी द्या म्हणून सांगताना, फेटा सावरताना आणि शेवटी पाठवणीच्या वेळी मांडवाच्या खांबाला धरून उभे राहिलेले. पुढे ती कॅसेट खराब होईल या भीतीने आम्ही तिची तबकडी करून घेतली.

२०१० च्या दिवाळीत घरात मोठा टी. व्ही. घ्यायचे ठरले. आम्ही शहरातल्या एका दुकानात गेलो. भिंतभर संच लावलेले, वर पांढऱ्या दिव्यांचा लखलखाट. दुकानदार म्हणाला, "ताई, हा बघा, प्लाझ्मा. डोळे दिपतात की नाही?" पडद्यावर पोपट, फळे आणि समुद्र. डोळे खरोखर दिपले. त्याच मापाच्या एल. सी. डी. संचापेक्षा किंमतही कमी होती. संच घरी आला, वीजवाल्याने जोडून दिला आणि पहिल्याच रात्री मी दादांची तबकडी लावली.

चेहरा शेंदरासारखा. डोळ्यांच्या जागी दोन काळी भोके. पांढरा फेटा मागच्या पांढऱ्या कनातीत मिसळून गेलेला. पाठवणीचा प्रसंग संध्याकाळचा, त्यात तर दादा दिसतच नव्हते, नुसता काळा डाग. मला वाटले, तबकडी करताना चित्र बिघडले. हे म्हणाले, जुनीच कॅसेट ती, किती दिवस टिकणार? मी तबकडी कापडात गुंडाळून ट्रंकेत ठेवली आणि दोन वर्षे काढली नाही. बाकी मालिका आणि सिनेमे आम्ही त्याच रंगात पाहत होतो, आणि तो रंगच खरा असे डोळ्यांच्या अंगवळणी पडले होते.

दोन वर्षांनी माझा धाकटा भाऊ दिवाळीला आला. तो वर्णाने आणि चेहऱ्याने हुबेहूब दादांसारखा. त्याने हट्टाने तबकडी लावायला सांगितली. तो टी. व्ही. शेजारीच बसला होता. माझा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा. तो म्हणाला, "आई, मामा बघ कसा आहे आणि आजोबा बघ कसे लाल आहेत!" मग त्याने रिमोट घेऊन संचातली चित्राची मांडणी उघडली. दुकानात गिऱ्हाइकाचे डोळे दिपवण्यासाठी जी मांडणी लावतात, तीच घरीही तशीच राहिली होती. रंग शेवटच्या टोकाला, उजेडही टोकाला. मुलाने सिनेमासाठी असलेली मांडणी लावली. मग भावाच्या चेहऱ्याकडे आणि दादांच्या चेहऱ्याकडे पाहत आम्ही रंग एकेक घर खाली आणला, दोन्ही चेहरे एका वर्णाचे होईपर्यंत. फेट्याच्या घड्या दिसू लागल्या. हनुवटीवरची पांढरी खुंटे दिसली. पाठवणीच्या त्या अंधारात खांबाशी दादा दिसले. ते रडत होते. लग्नाच्या दिवशी मी मागे वळून पाहिले नव्हते, त्यामुळे ते मला चौदा वर्षांनी कळले.

तबकडी चांगली होती. खोटे बोलत होता तो आमचा नवा पडदा, आणि तोही स्वतःहून नव्हे, आम्हीच त्याला तसे ठेवले होते. तेव्हापासून या यंत्राबद्दल जे जे वाचायला मिळाले ते मी वाचत आले.

प्लाझ्माचा जन्म १९६४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात झाला. डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि त्यांचा विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी तो पडदा शोधला, सिनेमासाठी नव्हे तर संगणकावर विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी. त्यावर नुसते नारिंगी चित्र उमटे. सर्व रंगांचे मोठे प्लाझ्मा संच बाजारात आले १९९० नंतरच्या दशकात, आणि प्रथम त्यांची किंमत मोटारीएवढी होती.

त्याचे काम समजायला सोपे आहे. आपल्या घरातली जुनी ट्यूबलाइट आठवा. नळीत वायू असतो, विजेने त्यातून न दिसणारे किरण निघतात आणि आतल्या पांढऱ्या लेपावर पडून उजेड होतो. प्लाझ्माच्या पडद्यात अशा लाखो इवल्या कोठड्या असतात. आत निऑन आणि झेनॉन वायू, आणि लेप तांबडा, हिरवा किंवा निळा. तीन कोठड्यांचा मिळून एक ठिपका. आमच्या संचात आडवे १०२४ आणि उभे ७६८ ठिपके आहेत, म्हणजे पावणेआठ लाखांहून अधिक, आणि कोठड्या साडेतेवीस लाख. प्रत्येक कोठडी स्वतः पेटते आणि स्वतः विझते. म्हणून जिथे काळे हवे तिथे जवळजवळ काळेच दिसते. साध्या एल. सी. डी. मध्ये मागे दिवा सतत जळत असतो आणि पुढची झापड त्याला अडवते. फटीतून उजेड यावा तसा तो थोडा पाझरतो आणि काळ्याची राख होते. एका जपानी कंपनीने तर आपल्या प्लाझ्मा संचाचे नावच "कुरो" ठेवले होते, आणि त्याचा जपानी अर्थ काळा.

मग असा गुणी संच बाजारातून गेला कसा? त्याचे उत्तर दुकानात आहे. दुकानाच्या लखलखाटात एल. सी. डी. अधिक उजळ दिसे आणि प्लाझ्मा फिका पडे. घरच्या मंद उजेडात त्याचा जो गुण दिसला असता तो दुकानात दिसत नसे. शिवाय तो जड, तापणारा आणि वीज जास्त खाणारा. एल. सी. डी. स्वस्त होत गेले आणि बारीक ठिपक्यांचे पडदे प्लाझ्मात करणे अवघड पडू लागले. "कुरो" वाली कंपनी २००९ साली या धंद्यातून बाहेर पडण्याचे जाहीर करून बसली. २०१३-१४ मध्ये राहिलेल्या मोठ्या कंपन्यांनीही प्लाझ्मा करणे बंद केले. आज नवा प्लाझ्मा मिळत नाही. स्वतः पेटणाऱ्या ठिपक्यांचा गुण आता ओ. एल. ई. डी. नावाच्या महाग संचात मिळतो. म्हणजे गिऱ्हाइकाने चुकीच्या उजेडात पारख केली, हेही प्लाझ्मा जाण्याचे एक कारण झाले.

आता पारख कशी करावी ते सांगते. प्लाझ्मा असो वा नवा कोणताही संच असो, रीत तीच.

पहिली गोष्ट, दुकानात गेल्यावर चित्राची मांडणी सिनेमाची करायला सांगावी आणि शक्य तर जवळचे दिवे मालवायला सांगावे. पोपट आणि फळे पाहू नयेत. पोपट जरा जास्त हिरवा झाला तर आपल्याला काय कळणार? आपल्या घरची तबकडी किंवा पेन ड्राइव्ह बरोबर न्यावा आणि ओळखीच्या माणसाचा चेहरा पाहावा.

दुसरी गोष्ट, काळ्यात काय दिसते ते पाहावे. रात्रीचा प्रसंग लावावा. बाईच्या केसांत वेणीचे पेड दिसले पाहिजेत. सगळे केस एक डाग झाले तर काळे जास्त झाले, आणि केस करडे दिसले तर काळे कमी पडले. तसेच पांढऱ्यात पाहावे. फेट्याच्या, धोतराच्या घड्या दिसल्या पाहिजेत.

तिसरी गोष्ट, एखादा जुना काळापांढरा चित्रपट लावावा. त्यात हिरवट किंवा तांबूस झाक दिसली तर संचाचे रंग समतोल नाहीत असे समजावे. रंगीत चित्रात ही खोड लपते, काळ्यापांढऱ्यात उघडी पडते.

चौथी गोष्ट, हालचाल. लेझीम किंवा बैलांची शर्यत लावावी. पळणाऱ्या बैलामागे शेपटासारखी पुसट रेघ ओढली जाते का ते पाहावे. या बाबतीत प्लाझ्मा त्या काळच्या एल. सी. डी. पेक्षा पुष्कळ सरस होता.

पाचवी गोष्ट, बाजूला बसून पाहावे. घरात चार माणसे समोर बसतात, मंडळात चाळीस जणी बसतील. पुष्कळ एल. सी. डी. संचांत कडेला बसले की चित्र फिके होते. प्लाझ्मात तसे होत नाही.

सहावी गोष्ट, चित्र मुळात किती आहे ते ध्यानात ठेवावे. जुन्या व्ही. सी. डी. च्या चित्रात जेमतेम एक लाख ठिपके असतात, डी. व्ही. डी. त सव्वाचार लाखांच्या आत. ते मोठ्या पडद्यावर पसरणे म्हणजे एका भाकरीच्या पिठात आठ भाकऱ्या थापणे. चित्र चौकडीचे दिसले तर संचाला बोल लावू नये, आठदहा फूट लांब बसावे. जेवढा पडदा मोठा तेवढे चित्र चांगले, ही समजूत चुकीची आहे.

माझ्या संचाचे दोषही सांगितलेच पाहिजेत. वीज तो आजच्या त्याच मापाच्या एल. ई. डी. संचाच्या दुपटीतिपटीने घेतो. दोन माणसांशिवाय उचलवत नाही. भाग मिळणे कठीण, बिघडला तर बिघडला. आणि उजव्या कोपऱ्यात वर एक पुसट ठसा आहे. सासूबाई रोज एकच वाहिनी तासन्‌तास लावीत, तिचे चिन्ह काचेत कायमचे उमटले. एकाच जागी सतत पेटणाऱ्या कोठड्या लवकर थकतात, त्याचा हा परिणाम. सिनेमात उजळ आकाश आले की तो दिसतो. दिवसा दार उघडे ठेवून मुलांना काही दाखवायचे असेल तर हा संच उपयोगाचा नाही, काचेत आपलीच तोंडे दिसतील. पण संध्याकाळी दार लावून, एक मंद दिवा मागे ठेवून जुना चित्रपट पाहायचा असेल तर चेहरे तो खरे दाखवतो, एवढे मी अनुभवाने सांगते.

तेव्हा माझी विनंती अशी. वर्धापनदिनाच्या आदल्या संध्याकाळी दिवेलागणीनंतर सर्व भगिनींनी आमच्या घरी यावे. प्रत्येकीने आपल्या घरच्या लग्नाची किंवा बारशाची एकेक तबकडी आणावी, आणि त्यातल्या एखाद्या माणसालाही बरोबर आणावे. माणूस टी. व्ही. शेजारी बसेल, चित्र पडद्यावर दिसेल, आणि आपण सगळ्याजणी पाहू. पटले तर संच मंडळाचा, वर्गणी शिल्लक. न पटले तर वर्गणीतून नवा आणू आणि त्याचीही पारख याच रीतीने करू. मला राग येणार नाही.

ज्यांचे माणूस आता शेजारी आणून बसवता येणार नाही, त्यांनी तबकडी जरूर आणावी. रंग खाली कसा आणायचा ते आता मला येते.